फाइव्ह-जी: गोपनीयता, गुप्तता की खासगीपणा?

कोथरूडकर: पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांसाठी फाइव्ह-जीच्या सुरक्षेवर माहितीपत्रक तयार होतंय. 'संदेशाची गोपनीयता' आणि 'ग्राहकाची गोपनीयता', दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

औंधकर: नको. मंत्री 'पद व गोपनीयतेची शपथ' घेतात तिथे अर्थ गुपित राखणं असा आहे. संदेशाला तो लागू पडतो, 'गुप्तता' त्याहून सुटसुटीत. ग्राहक कोण, कुठे आहे हे परक्याला न कळणं म्हणजे खासगीपणा. फोर-जीत संभाषण कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणाऱ्या रूपात असतं, तरी नोंदणीच्या वेळी सिमचा कायमचा क्रमांक, आयएमएसआय, कधी कधी उघडा जातो. खोटा टॉवर उभारणारा तेवढाच टिपतो. बोलणं त्याला ऐकू येत नाही, पण हे सिम अलका टॉकीज चौकात होतं हे कळतं. गुप्तता शाबूत, खासगीपणा गेला!

हडपसरकर: सहमत. फाइव्ह-जीत त्या क्रमांकाचा ग्राहकाचा भाग कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने (ही सर्वांना देता येते, पण उलगडायला कंपनीकडचीच गुप्त किल्ली लागते) कूटबद्ध होऊन जातो. दर वेळी तात्पुरती किल्ली नवी, म्हणून बाहेर दिसणारा मजकूरही वेगळा. देश आणि कंपनीचा संकेतांक (भारताचा ४०४ किंवा ४०५) मात्र उघडाच राहतो, नाहीतर विनंती कोणाकडे धाडायची ते कळणार नाही. मानकात या झाकलेल्या ओळखीला 'सुची' म्हणतात. पत्रकात तो शब्द टाळा, लोक 'सूची' वाचतील. 'झाकलेली ओळख' लिहा.

कोथरूडकर: मग फाइव्ह-जीचं चिन्ह दिसलं की ओळख झाकली, असं लिहू?

हडपसरकर: अजिबात नको. नॉन-स्टँडअलोन जाळ्यात रेडिओ फाइव्ह-जीचा, गाभा (ग्राहकाची नोंदणी सांभाळणारी मधली यंत्रणा) फोर-जीचाच. चिन्ह दिसतं, झाकण नसतं. स्टँडअलोनमध्येही, म्हणजे गाभाही फाइव्ह-जीचा असला तरी, सिममध्ये किल्ली भरलेली नसेल तर 'शून्य योजना', म्हणजे काहीच कूटबद्ध न करणं, लागू होते आणि क्रमांक उघडा जातो. सर्वांत वाईट म्हणजे टू-जी: तिथे नेटवर्क फोनला पारखतं, फोन नेटवर्कला पारखत नाही. म्हणून खोटा टॉवर फोनला टू-जीवर ओढतो आणि बनावट एसएमएसही घुसवतो. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये टू-जी बंद करता येतं. आपत्कालीन कॉल तरीही टू-जीवरून लागू शकतो, हे पत्रकात ठळक छापा. ज्येष्ठ मंडळी पहिली शंका तीच काढतील.

औंधकर: 'अधिप्रमाणन'ही काढा, 'ओळखीची खातरजमा' पुरे. खोट्या टॉवरच्या परिच्छेदात 'पाळत' नको. पाळत ठरावीक माणसावर ठेवतात, हा तर टप्प्यात येईल त्याचा क्रमांक टिपतो.