मदत हवी आहे: बोर्डावरच्या टास्कचे नंबर डबल होतायत

रात्रपाळी
प्रत्येक टास्कला नंबर देतो, तरी डबल होतायत. काल ११२ ची दोन कार्डं निघाली. एकाचं टेस्टिंग उरकलंय आणि दुसरं अजून 'चालू'मध्येच पडलंय. नंबर आपोआप पडायची काही सोय आहे का? शुक्रवारी रिलीज आहे, लवकर सांगा.

टिचकी
कुठलं टूल? नंबर देतं कोण?

रात्रपाळी
नेहमीचंच बोर्ड हो, करायचंय-चालू-झालं. कार्ड बनवणारा शीर्षकाच्या सुरुवातीला नंबर टाकतो. शेवटचा बघायचा, पुढचा द्यायचा.

जुना_खोंड
दोघांनी एकाच वेळी शेवटचा बघितला की संपलं. हाताने नंबर देऊच नका, जिरा घ्या, टास्क सांभाळायचं सॉफ्टवेअर. प्रोजेक्टची 'की', म्हणजे खुणेची छोटी अक्षरं, आणि पुढे आकडा, आपोआप पडतो. टास्क दुसऱ्या प्रोजेक्टात हलवला तर की बदलते, पण जुनी लिंक बरोबर नव्या जागी नेते. आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय.

सावळागोंधळ
खोंडसाहेब, प्रत्येक धाग्यावर जिरा! त्यांचा रिलीज शुक्रवारी आहे. यूयूआयडी वापरा, म्हणजे कॉम्प्युटरने पाडलेला लांबलचक ओळख-नंबर. १२८ बिटांचा असतो, शेवटचा नंबर कुठला हे कुणाला विचारावंच लागत नाही.

कोपरखळी
आणि ३६ अक्षरं मीटिंगमध्ये वाचून दाखवणार कोण?

सावळागोंधळ
पहिली ८ पुरतात.

कोपरखळी
एका अक्षराचे ४, म्हणजे ३२ बिट. मग १२८ चं कौतुक कशाला सांगितलंत?

अल्पविराम
आमच्याकडे प्रायॉरिटीप्रमाणे लेबलांना रंग दिलेत. लाल म्हणजे आजच. खूप फरक पडला.

टिचकी
रात्रपाळी, टूलचं नाव सांगा की.

रात्रपाळी
ट्रेलो. लिहिलं नव्हतं का वर?

टिचकी
नव्हतं. ट्रेलोत प्रत्येक कार्डाला नंबर असतोच, नुसता दिसत नाही. कार्ड उघडून ब्राउझरमधला पत्ता बघा. शीर्षकाच्या अलीकडे आकडा आहे तो नंबर, त्याच्याही अलीकडे ८ अक्षरांचा कोड. कार्ड दुसऱ्या बोर्डावर हलवलं तर आकडा बदलतो, कोड तोच राहतो. म्हणून बोलताना आकडा चालेल, पण कमिट मेसेजमध्ये (प्रोग्राममधला बदल जतन करताना लिहितो ती नोंद) कोडवाली लिंकच टाका. आकडा कार्डावर दिसायला हवा असेल तर त्यासाठी पॉवर-अप, म्हणजे ट्रेलोला जोडायच्या जादा सोयी, मिळतात.

जुना_खोंड
ट्रेलोसुद्धा २०१७ पासून जिरावाल्या अ‍ॅटलासियनकडेच आहे. आज ना उद्या इकडेच याल.

सावळागोंधळ
त्यापेक्षा गिटहबचे इश्यू (प्रोग्राम ठेवतो तिथेच टास्कची नोंद) बरे, कमिटमध्ये # लावून नंबर लिहिला की लिंक तयार.

कोपरखळी
तिथे इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (केलेला बदल प्रोग्राममध्ये घ्या अशी विनंती) एकाच क्रमात मोजतात. मग मॅनेजर विचारतो, मधले नंबर कुठे गेले? समजावत बसा.

रात्रपाळी
टिचकी, आकडा सापडला. पण कोड तोच राहतो म्हणालात ना? आमच्या ११२ चा कोड डेव्हलपरांच्या बोर्डावर वेगळा आणि टेस्टिंगच्या बोर्डावर वेगळा.

टिचकी
कार्ड हलवता की कॉपी करता?

रात्रपाळी
कॉपी. दोन्ही बोर्डांवर दिसायला नको?

टिचकी
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! कॉपी म्हणजे नवंच कार्ड, त्याला नवा कोड. शीर्षकात हाताने लिहिलेला ११२ मात्र जसाच्या तसा जातो. तुमचे डबल तिथूनच येतायत, आपोआप नंबर पाडूनही थांबणार नाहीत. टेस्टिंगच्या बोर्डावर वेगळं कार्ड करा, त्याला वेगळं शीर्षक द्या आणि मूळ कार्डाची लिंक अटॅच करा.

अल्पविराम
कॉपी केल्यावर लेबलांचे रंग येतात का पण?