जुने रुपये मोडण्यापूर्वी

घरातले जुने चांदीचे रुपये मोडून सराफाकडची नवी नाणी घ्यावीत, हा आपला सल्ला मला पटत नाही. आमच्या म्हापशाच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याची मुद्रा असलेला १८८२ सालचा रुपया ठेवतात. तो ब्रिटिश रुपयाच्याच तोलाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे ९१.७ टक्के शुद्धतेचा आहे. निव्वळ गुंतवणुकीसाठी ९९९ शुद्धतेची, म्हणजे ९९.९ टक्के चांदीची नाणी जरूर घ्यावीत. जुने ब्रिटिश रुपये घेताना मात्र साल नीट पाहावे, कारण १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. आणि कृपया जुने नाणे घासू नका. आमच्या रुपयाच्या दातेरी कडेत आजीच्या हातचे कुंकू अजून आहे, आणि संग्राहकही न घासलेल्या नाण्यालाच अधिक किंमत देतात.