मदत हवी आहे: भोगीची भाजी ओव्हनमध्ये भाजून

यंदा भोगीची लेकुरवाळी भाजी रश्शाची न करता ओव्हनमध्ये भाजायची आहे. पाव किलो वांगी, दोन गाजरं, वाटीभर ओले हरभरे, वाटीभर पावटे, चार बोरं. २०० अंशांवर गाजर-वांगी साधारण २५ मिनिटांत खरपूस होतात, पण दाणे तोवर सुकून कडक होतात. म्हणून ते आधी मिठाच्या पाण्यात उकडून शेवटची ५ मिनिटंच घालायचे, इथवर ठीक. अडतंय कुटापाशी. तीळ-शेंगदाण्याचा कूट सुरुवातीलाच लावला तर करपून कडू होतो, नंतर भुरभुरला तर चिकटत नाही. चिंच-गुळाच्या घट्ट कोळात कालवून शेवटी चोळावा, की त्यानं कडा मऊ पडतील? गोडा मसालाही त्यातच घालावा का? आणि बोरं कधी घालायची?