'नैसर्गिक' क्लीनर खरंच पर्यावरणपूरक आहे का, हे पारखायचं कसं?

धागाकर्ती:
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. भांडी, फरशी आणि बाथरूम या तिन्हींसाठी गेलं वर्षभर एकाच 'नैसर्गिक' कंपनीची उत्पादनं वापरते आहे. बाटलीवर हिरवं पान, '१०० टक्के वनस्पतिजन्य', 'रसायनमुक्त' वगैरे. काल रिकामी बाटली टाकताना मागचं बारीक अक्षर पहिल्यांदाच नीट वाचलं. पाणी, वनस्पतिजन्य सर्फॅक्टंट (मळ सोडवणारा घटक), लिंबाचं तेल, प्रिझर्व्हेटिव्ह (माल टिकवणारा घटक). बस, एवढंच. कुठला सर्फॅक्टंट, कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह, पत्ता नाही. माझ्या मोरीतून जाणाऱ्या पाण्यानं पुढे कुठल्या जिवाला त्रास होऊ नये, एवढ्याचसाठी मी हे घेत होते. नवीन ब्रँड सुचवण्यापेक्षा पारखायची पद्धत सांगितलीत तर जास्त उपयोग होईल.

प्रतिसाद १:
डिटर्जंटच्या फॉर्म्युलेशनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'वनस्पतिजन्य' या शब्दावरून माल कुठून आला ते कळतं. तुम्हाला काळजी आहे ती माल कुठे जातो याची. सर्फॅक्टंटचंच उदाहरण घ्या: सोडियम लॉरिल सल्फेट खोबरेल तेलापासून करता येतं, पाम कर्नेल तेलापासून करता येतं आणि पेट्रोलियमपासूनही. पाण्यात गेल्यावर रेणू तोच, नदीला त्याचं कूळ कळत नाही. उलट रिठ्यातलं फेस आणणारं सॅपोनिन अस्सल नैसर्गिक, पण माशांना विषारी. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन, त्याचीही नोंद जलचरांना घातक पदार्थांत आहे. क्लीनरमध्ये ते थोडंच असतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

कंपनीला पहिला प्रश्न विघटनाचा विचारा. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' चालणार नाही. किती दिवसांत, किती टक्के, कुठल्या चाचणीनुसार? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ओईसीडी ३०१ नावाचा चाचण्यांचा संच आहे. त्यात प्राणवायूचा खप किंवा बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि २८ दिवसांत निदान ६० टक्के विघटन व्हावं लागतं. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमावलीत सर्फॅक्टंटसाठी असाच निकष आहे, माल 'नैसर्गिक' असो वा नसो. म्हणजे 'बायोडिग्रेडेबल' हा मिरवण्याचा गुण नव्हे, ती किमान पात्रता आहे. १९५० च्या दशकात फांद्या असलेल्या साखळीचं अल्किल बेंझीन सल्फोनेट (एक सर्फॅक्टंट) सर्रास वापरलं जाई. जिवाणूंना ते पचेना आणि नद्यांवर फेसाचे थर साचले. पुढच्या दशकात उद्योगानं सरळ साखळीचा प्रकार आणला तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं.

दुसरं, यादीत सर्फॅक्टंटच्या नावात 'लॉरेथ' दिसतंय का बघा. खोबरेलापासून सुरुवात झाली तरी पुढे त्यावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया होते आणि त्यात १,४-डायॉक्सेन हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन किंचित तयार होतं. ते पाण्यात सहज मिसळतं आणि सांडपाणी शुद्धीकरणात नीट निघत नाही. न्यूयॉर्क राज्यानं घरगुती क्लीनरमध्ये त्यावर २०२३ च्या अखेरीपासून १ पीपीएमची (दहा लाख भागांत एक भाग) मर्यादा घातली आहे. 'आमच्याकडे ते किती आहे?' हे विचारायला संकोच करू नका.

आणि 'रसायनमुक्त' लिहिणाऱ्या कंपनीवर मी तिथेच फुली मारतो. पाणी हेसुद्धा रसायनच.

प्रतिसाद २:
वरच्या प्रतिसादात बाटली राहून गेली. मी घरच्या वजनकाट्यावर रिकामी स्प्रे बाटली ठेवून पाहिली होती. बाटलीपेक्षा वरचा ट्रिगर थोडासाच हलका निघाला. तो उघडलात तर आत दोन-तीन जातींचं प्लास्टिक आणि बहुतेकदा धातूची स्प्रिंग. वितळवून नवं प्लास्टिक करायला (रिसायकलिंगला) तो भाग जवळजवळ निरुपयोगी. पण तोच ट्रिगर वर्षानुवर्षं चालतो, म्हणून रिफिल किंवा कॉन्सन्ट्रेट (घरी पाणी घालायचं दाट द्रावण) मिळतंय का हे मी सगळ्यात आधी बघते. तयार स्प्रेमध्ये बहुतांश पाणीच असतं. ते आपल्या नळालाही येतं, ट्रकमधून कशाला आणायचं?

मात्रेकडेही लक्ष द्या. सौम्य म्हणून दुप्पट ओतलं तर सगळा हिशेब उलटा होतो.

प्रतिसाद ३:
मी व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून वापरते. कंपनीच नको!

प्रतिसाद १:
ताई, एकत्र करू नका. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फसफस दिसते आणि हातात उरतं ते मुख्यतः सोडियम ॲसिटेटचं पाणी. क्षारांच्या डागांवर व्हिनेगर, चिकटलेलं घासायला सोडा, असं वेगवेगळं वापरलंत तर दोन्ही कामाचे आहेत.

प्रतिसाद ४:
शिक्क्यांबद्दल थोडं. ब्लू एंजल (१९७८), नॉर्डिक स्वान (१९८९), ईयू इकोलेबल (१९९२) हे शिक्के त्रयस्थ संस्था निकष तपासून देतात. कंपनीनं स्वतः काढलेलं हिरवं पान हा शिक्का नव्हे. सशाचं चित्र प्राण्यांवरील चाचण्यांबद्दल असतं, नदीबद्दल नाही. पाम तेलासाठी आरएसपीओ (शाश्वत पाम तेलाचं प्रमाणपत्र) असेल तर 'मास बॅलन्स' की 'सेग्रिगेटेड' (प्रमाणित तेल वेगळं ठेवलेलं) ते विचारा. मास बॅलन्समध्ये प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र होतं, फक्त हिशेब वेगळा ठेवतात. मात्र शिक्का नाही म्हणून लहान कंपनीला लगेच बाद करू नका, तपासणीचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. अशा वेळी ती उत्तर कसं देते यावर मी जोखते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. चार प्रश्न लिहून कंपनीला मेल केला होता, आठ दिवसांनी उत्तर आलं. सर्फॅक्टंटचं नाव दिलं आहे, सोडियम लॉरेथ सल्फेट. प्रिझर्व्हेटिव्ह 'व्यापारी गुपित'. विघटनाच्या चाचणीबद्दल विचारलं होतं तर 'आमची उत्पादनं निसर्गातूनच येतात' असं एक वाक्य. डायॉक्सेनचा उल्लेखच नाही. दुसऱ्या एका लहान कंपनीलाही तेच प्रश्न पाठवले होते. त्यांनी ओईसीडी ३०१ चा अहवाल जोडला आणि रिफिल अजून सुरू केलेलं नाही हेही सरळ कळवलं. भांड्यांसाठी त्यांचं आणून बघते. जुना ट्रिगर धुऊन ठेवलाय.