विषय: गणपतीचं जेवण, दाण्याचं कूट आणि मॅनस्लॉटर

नमस्कार मंडळी,

परवाच्या मीटिंगमध्ये मी अ‍ॅलर्जीचा तक्ता करू म्हटलं, तर दोघातिघांनी "आपण काय हॉटेल चालवतो का?" असं विचारलं. आपल्या भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. एका कुटुंबाने नावनोंदणीच्या फॉर्मवर लिहिलंय की मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. काही विपरीत घडलं तर स्वयंसेवकावर फौजदारी खटला होतो का? शिरीषकाका, तुम्ही इथे इंग्लंडात वकिली केलीत, सांगाल का?

वैशाली (भोजन समिती)

---

वैशाली,

होऊ शकतो. सहजासहजी होत नाही, पण "आम्ही फुकट राबतो" हा बचाव नव्हे.

मारायचा हेतू नसताना माणूस गेला, तर मॅनस्लॉटर, म्हणजे हेतूविना मनुष्यवध ठरवताना इथला कायदा मुख्यतः दोन वाटांनी जातो. एक, बेकायदा आणि धोकादायक कृत्य: भांडणात एक ठोसा बसतो, माणूस पडतो, डोकं फरशीवर आपटतं. आपला संबंध दुसऱ्या वाटेशी, घोर हलगर्जीपणाशी. 1994 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) अ‍ॅडोमाको खटल्यात तिची कसोटी घालून दिली. त्या खटल्यात डोळ्याची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची श्वासाची नळी निसटली, अलार्म वाजला, तरी भूलतज्ज्ञाच्या ते ध्यानात आलं नाही. कसोटी अशी: काळजी घ्यायची जबाबदारी होती का, ती मोडली का, मृत्यू त्यामुळेच झाला का, आणि चूक गुन्हा म्हणण्याइतकी भयंकर होती का? हे शेवटचं ज्यूरी ठरवते. कमाल शिक्षा जन्मठेप.

आता जेवणाचे दोन खटले. दोन्हीत जेवणारा जिवाला मुकला, हे आधी मनात ठेवा.

2014 च्या जानेवारीत यॉर्कशायरमधल्या एका गिऱ्हाइकाने "नट्स नकोत" असं सांगून करी घेतली आणि ती खाऊन तो गेला. मालकाने पैसे वाचवायला बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त पूड वापरली होती. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच त्याच्या दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये खाल्लेल्या मुलीला हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. म्हणजे त्याला धडा मिळालेला होता. 2016 मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

दुसरा लँकेशायरचा. पंधरा वर्षांच्या मुलीच्या ऑनलाइन ऑर्डरवर अ‍ॅलर्जीची नोंद होती. टेकअवेच्या मालकालाही दोषी ठरवलं, पण 2019 मध्ये अपील कोर्टाने त्याच्यापुरता तो निकाल रद्द केला, कारण ती नोंद त्याच्यापर्यंत पोचल्याचा पुरावा नव्हता. गुन्हा ठरायला, त्या क्षणी त्याला जे माहीत होतं त्यावरूनच मृत्यूचा गंभीर आणि उघड धोका दिसण्यासारखा असायला हवा होता.

यातून "मग माहीत करूनच घेऊ नका" असा अर्थ कुणी काढू नये. तो फॉर्म तू वाचलायस, म्हणजे आपल्याला माहीत झालंय. चिठ्ठी स्वयंपाकघरात पोचली नाही, तर मला त्या पोराची काळजी आधी, खटल्याची नंतर.

शिरीष

---

काका, माझा पुण्यातला वकील भाऊ म्हणतो की भारतात हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्यास, म्हणजे दंडसंहितेच्या कलम 304अ ला, दोनच वर्षं कैद आहे.

निखिल

---

निखिल, ते जुनं झालं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण घटना इथे घडली तर कायदा इथलाच लागणार.

शिरीष

---

काका, आभार. ठरलं: त्या दिवशी स्वयंपाकात शेंगदाणा अजिबात नाही, तेलही नाही. कोशिंबिरीत ओलं खोबरं, वांग्याला तिळाऐवजी खोबरं-खसखस, कारण तीळही इथल्या चौदा अ‍ॅलर्जनांच्या यादीत आहेत. फोडणीतली मोहरीसुद्धा तक्त्यावर लिहितेय. मुलाच्या आईशी मी आज बोलते. सुनंदामावशी, तुमच्या हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलंय का, तेवढं बघून कळवा.

वैशाली