कोरल मिटून बसलंय, केएच चढतच चाललंय (भुसावळ)

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, दीड वर्ष झालं. दोन क्लाउनफिश, अन् कोरलमध्ये झोआ, मश्रूम आणि एक लेदर. मार्चपर्यंत झकास होतं. आता झोआ उघडत नाहीत, लेदर आठ दिवस मान टाकून आहे. आजचे आकडे: तापमान २७.५, सॅलिनिटी १.०२५, केएच (पाण्यातलं बायकार्बोनेट) १२.६, कॅल्शियम ३६०. मार्चमध्ये केएच ८.५ होतं, कॅल्शियम ४२०. कॅल्शियम क्लोराइड घातलं की दोन दिवस वर, मग परत खाली. टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या मोटरवर पांढरी खपली धरतेय. बाहेर ४५ आहे, टाकीवर दोन पंखे लावलेत. चिलर घ्यावा का? घरची म्हणते, माणसांना कूलर अन् माशांना एसी!

खारट माणूस (जळगाव):
वहिनींचं बरोबर आहे. २७.५ ला चिलर कशाला? मला सांगा भो, रोज पाणी किती उडतं अन् भरता कोणतं?

तापीकाठ:
चार लिटर तरी उडतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं भरतो, मीठ न घालता. बोरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ८५०, आरओनंतर ९०.

खारट माणूस:
तिथंच घोळ आहे. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं कच्चं पाणी त्यात मिसळतो. प्यायला ठीक. पण टाकीतून उडतं ते नुसतं पाणी, क्षार सगळे आतच राहतात. रोज चार लिटर म्हणजे ५० दिवसांत अख्खी टाकीभर पाणी ओतलंत तुम्ही. आपल्या बोरच्या पाण्यात बायकार्बोनेट दाबून, म्हणून केएच चढलं. त्यात मोटर गरम, वरून तुमचं कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही मिळून चुनखडी होते न् मोटरवर बसते. तुमचं कॅल्शियम कोरल खात नाही, मोटर खातेय! मी दोन उन्हाळे हेच केलं, म्हणून बोलतोय.

कॅल्शियम घालणं आजच थांबवा. मोटर व्हिनेगरमध्ये भिजवा. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे मणी) लावा, टीडीएस शून्य दिसला की तेच पाणी भरा. केएच एकदम पाडू नका, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, आपसूक उतरेल. मॅग्नेशियम मोजलंय का? १३०० च्या आसपास हवं, ते कमी असलं की चुना लवकर साकळतो.

डोंबिवलीचा मासा:
नुसत्या पंख्यावर २७.५? आमच्याकडे दोन अंश उतरले तरी पेढे वाटू.

खारट माणूस:
तुमची हवा ओली, दादा. आमच्याकडे माठ गार होतो तशी टाकी होते. तापीकाठ भाऊ, त्या खोलीत कूलर लावू नका मात्र. हवा दमट झाली की पंखे नुसतेच फिरतात.

यावलकर:
लेदरवर मेणासारखा चकचकीत थर दिसतो का? मग ते कात टाकतंय, आजारी नाही. हात लावू नका, त्याच्यावर प्रवाह थोडा वाढवा.

तापीकाठ:
थर दिसतोय! मॅग्नेशियम ११८० निघालं. कंट्रोलर पूर्ण बंद केला, टीडीएस ३५ वर आला, रेझिन मागवलंय. झोआ आज संध्याकाळी अर्धे उघडले. चहाला चव नाही म्हणून घरात वेगळाच तंटा सुरू झालाय. टाकीसाठी वेगळा आरओ घ्यावा लागणार बहुतेक.