नर्सिंगच्या परीक्षेत कोण मागे पडतं: अभ्यासात कच्चे, की वॉर्डात शिकायला न मिळालेले?

सलाईनस्टँड (धागाकर्ती)
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे गुण कशावर ठरतात हा विषय निघाला की गाडी लगेच "वॉर्डात नुसतं राबवून घेतात" इथे येऊन थांबते. राबवून घेतात, मान्य. तरीही माझं मत वेगळं आहे. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र आणि साधं अंकगणित कच्चं राहिलं की पुढची सगळी वर्षं डागडुजीत जातात. आणि ते कच्चं राहतं ते तास कमी पडल्यामुळे नाही, पद्धत चुकल्यामुळे.

चुकलेली पद्धत म्हणजे नोट्स परत परत वाचणं आणि हायलायटरने पान पिवळंधमक करणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्याकडे परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आता गणित. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, सेट (थेंब पाडणारी नळी) २० थेंबांना १ मिलीचा. १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ४१.७, मिनिटाला ४२ थेंब धरायचे. निम्म्या वर्गाला हे सूत्र पाठ असतं, पण सेट बदलला की घात होतो. १५ थेंबांचा सेट असेल तर उत्तर ३१, ६० थेंबांचा मायक्रोसेट असेल तर १२५. मायक्रोसेटमध्ये तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो, कारण ६० ला ६० ने भाग जातो. हे ज्याला समजलं त्याला वेगळं सूत्र पाठ करावं लागत नाही.

रात्रपाळी
असहमत. पद्धत-पद्धत म्हणून सगळं विद्यार्थ्याच्या माथी मारायचं, हे सोयीचं आहे.

श्वास मोजण्याचं उदाहरण घ्या. वर्गात शिकवतात: पूर्ण एक मिनिट मोजा, रुग्णाला कळू न देता, नाडी धरल्यासारखा हात ठेवून. वॉर्डात काय दिसतं? १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं, तेही मोजलं तर. १५ सेकंदांत ४ श्वास धरले तर १६, ५ धरले तर २०. एका श्वासाच्या चुकीने आकडा चारने हलतो. अनियमित श्वास तर त्यात सापडतच नाही. मग कोणताही चार्ट उघडा, सगळ्यांचा श्वास २०! रुग्णाची तब्येत बिघडायला लागली की सर्वात आधी हलणाऱ्या आकड्यांपैकी हा एक, आणि विद्यार्थी रोज बघून हेच शिकतो की तो अंदाजाने लिहायचा असतो. याला घरी बसून आठवून लिहिणं काय करणार?

वॉर्डातलं शिक्षण मुळात तिथे कोण हजर आहे यावर ठरतं. इन्स्ट्रक्टर एक आणि विद्यार्थी तीन मजल्यांवर विखुरलेले, तर प्रोसिजर एकाने करायची, बाकीच्यांनी लॉगबुकवर सही घ्यायची. सॅम्पल पोचवणे आणि बेड करणे यात पोस्टिंग संपतं.

थर्मामीटर
झोपेचा विषय कुणीच काढला नाही अजून. नाईट करून सकाळच्या लेक्चरला बसलेला विद्यार्थी हजेरीपटावर असतो, वर्गात नसतो. दिवसा वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, त्यामुळे परीक्षेआधी रात्र जागून काढणं म्हणजे दुहेरी तोटा. पाळ्या लावताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो. नाईटच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवायची नाही, एवढं वेळापत्रक लावणाऱ्याने पाळलं तरी फरक पडेल. पैसा लागत नाही त्याला. जे शिकता शिकता नोकरीही करतात त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांना पद्धत शिकवण्याआधी विचारा, शेवटचं सलग सात तास कधी झोपलात.

सलाईनस्टँड
@थर्मामीटर, झोपेबद्दल पूर्ण सहमत.

@रात्रपाळी, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. श्वासाचा वेग का वाढतो हे ज्याला शरीरक्रियाशास्त्रातून समजलंय, म्हणजे रक्तात आम्ल वाढलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास वाढवतं, तो २० लिहिताना अडखळेल. नुसतं पाठ केलेला अडखळणार नाही.

दुसरं बघा. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या दुष्परिणामांत "पोटॅशियम कमी होतं" हे सगळे लिहितात. त्याच रुग्णाला डिगॉक्सिन हे हृदयाचं औषधही चालू आहे, त्याची गोळी देण्याआधी काय बघाल, असं व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारा. शांतता. पोटॅशियम कमी असेल तर नेहमीच्या मात्रेतही डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते. म्हणून आधी पोटॅशियमचा रिपोर्ट, मग स्टेथोस्कोप हृदयाच्या टोकाशी ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके, आणि प्रौढात ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. दोन औषधं दोन वेगळ्या पानांवर पाठ केली की हा दुवा जुळत नाही. यात वॉर्डचा दोष कुठे?

काठावर_पास
दोघंही एक गोष्ट सोडताय: प्रश्न नीट न वाचणं. हल्ली पर्यायी प्रश्नांत चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारलेलं असतं "सर्वप्रथम काय कराल". विद्यार्थी पहिला बरोबर पर्याय दिसला की थांबतो. धाप लागलेल्या रुग्णाच्या प्रश्नात "डॉक्टरांना कळवा" वर खूण करून मोकळा. रुग्णाला उठवून बसवणं हे तुमच्या हातात असलेलं आणि दहा सेकंदांचं काम तिथेच खालच्या ओळीत असतं. उपाय साधा आहे. पर्याय झाकून आधी स्वतःचं उत्तर ठरवायचं, मग पर्याय उघडायचे. पुस्तकाची भाषा घरी बोलत नाहीत अशा विद्यार्थ्यांना तर हे जास्तच लागू, कारण त्यांचा अर्धा वेळ वाक्य सोडवण्यात जातो आणि घाईत "खालीलपैकी कोणते नाही" मधला "नाही" निसटतो.

रात्रपाळी
@सलाईनस्टँड, दुवा जुळत नाही कारण तो रुग्ण दाखवून कुणी जुळवून देत नाही. औषधांच्या राउंडला विद्यार्थी ट्रॉली ढकलतो. तिथेच इन्चार्जने "ही गोळी का, कोणता रिपोर्ट पाहिला" एवढं विचारलं तरी पुस्तकाची दोन पानं तिथल्या तिथे जुळतात.

आणि गुण म्हणजे तरी काय मोजतो आपण? ऑस्की घ्या, म्हणजे स्टेशनवार फिरत कौशल्यं करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ती मांडली ती प्रत्येकाला सारखी स्टेशनं, सारखे निकष मिळावेत म्हणून. हेतू उत्तम. पण चेकलिस्ट फुटली की विद्यार्थी नाटक पाठ करून येतो. हात धुतले, नाव विचारलं, पडदा ओढला, रक्तदाबाचा कफ (दंडाचा पट्टा) बांधला, चार खुणा. जाड दंडाला लहान कफ बांधला, रक्तदाब खरा आहे त्याहून जास्त आला, तरी खूण मिळाली, कारण यादीत "कफ बांधला" एवढंच आहे, "मापाचा कफ निवडला" नाही.

थर्मामीटर
+१. आणि कफातली हवा सोडायचा वेगही यादीत नसतो. सेकंदाला २ ते ३ मिमी सोडायची, भसकन सोडली की वरचा आकडा चुकून कमी येतो.

सलाईनस्टँड
ऑस्कीबद्दल मान्य, यादी लिहिणाऱ्यांनी ती सुधारावी. पण इन्चार्जच्या प्रश्नावर मूळ मुद्दा सोडत नाही. "कोणता रिपोर्ट पाहिला" हा प्रश्न ज्याचा पाया तयार आहे त्यालाच शिकवतो, बाकीच्यांना फक्त घाम फोडतो. आणि मात्रांच्या हिशोबाला तर वॉर्डची वाट बघूच नये. १२ किलोचं मूल, किलोला १५ मिग्रॅ पॅरासिटामॉल, म्हणजे १८० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅचं, म्हणजे ७.५ मिली. असे पाच हिशोब रोज, कॅल्क्युलेटरशिवाय, आणि आधी अंदाज लिहून: उत्तर ५ मिलीपेक्षा जास्त यायला हवं की कमी? अंदाज लिहिलेला असला की दशांश चिन्ह सरकलं तर डोळ्यांत खुपतं. मात्रा किलोला दिवसाची आहे की एका वेळची, हे तर हिशोबाआधी अधोरेखित करायचं. सूत्र बरोबर असूनही तिप्पट-चौपट डोस निघतो तो इथेच.

रात्रपाळी
हिशोब घरी करा, ना नाही. पण ७.५ मिली सिरिंजमध्ये घेताना बुडबुडा राहिला, किंवा चमच्याने अंदाजे पाजलं, तर ते वहीत दिसत नाही. ते बघायला शेजारी माणूसच लागतो. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी आहेत ते आधी सांगा, मग निकालाबद्दल बोलू.